तिसऱ्या मजल्याची पार्सलं

१

सकाळचे अकरा वाजले की जनरेटर बंद व्हायचा. सरकारी वीज त्या वर्षी कधी येते नि कधी जाते, हे विचारणंही लोकांनी सोडून दिलं होतं. मीना नावाच्या बंदराजवळच्या त्या गल्लीत सगळं चालायचं ते कोपऱ्यावरच्या जनरेटरच्या जिवावर, आणि तोही अकरा ते चार गप्प. फ्रिजची घरघर थांबायची, समोरच्या घरातला रेडिओ थांबायचा, आणि ती चार मजली इमारत इतकी शांत व्हायची की भिंतीतून पाणी उतरतं तेही ऐकू यावं.

नुहाद कॉफी करायची ती याच वेळेला. एकसष्टीची बाई. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि एकुलता एक मुलगा नबील माँट्रियलला. तो दर रविवारी फोन करायचा, "आई, जेवलीस का?" विचारायचा आणि उत्तर येईपर्यंत दुसऱ्या कामाला लागायचा. आयुष्याची तीस वर्षं तिने एका औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून काढली होती. आता उभं राहायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून ती बाल्कनीत बसायची.

इमारतीत तळाला अबू फव्जीचं कॉफी भाजायचं दुकान होतं, दुसऱ्या मजल्यावर नुहाद, आणि बाकी सगळी कुलपं. तिच्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर, सोनियाचं घर होतं. सोनिया सात वर्षांपूर्वी बिऱ्हाड उचलून सिडनीला गेली. जाताना नुहादच्या हातात किल्ली देऊन म्हणाली होती, "नळबिळ फुटला तर असू दे." नळ कधी फुटला नाही. किल्ली स्वयंपाकघरातल्या खणात पडून राहिली.

मार्चमधल्या एका दुपारी वर पावलं वाजली. अनवाणी होती. आतल्या खोलीतून निघाली, नुहादच्या डोक्यावरून चालत बाहेरच्या दारापाशी आली आणि थांबली. नुहादला वाटलं, सोनियाने घर कुणाला तरी राहायला दिलं असेल. बरंच झालं की. थोड्या वेळाने पुन्हा तीच पावलं आली, आतल्या खोलीतून दारापर्यंत. मग आणखी एकदा.

कॉफी तळाच्या गाळापर्यंत आली तेव्हा कुठे तिला कळलं की मघापासून आपल्याला काय खटकतंय. पावलं दाराकडे येत होती. परत जात नव्हती.

२

चार दिवसांनी मोटरसायकलवरून एक माणूस आला. हेल्मेट न काढताच जिना चढला, वर दार ठोकलं, आणि खाली येऊन नुहादच्या दारात उभा राहिला.

"मावशी, वरच्या बाई दार उघडत नाहीत. एवढं पार्सल ठेवून घ्याल?"

"घेते की. मेली नाहीत ना माणसं अजून या इमारतीत."

त्याने पुढे केलेल्या कागदावर तिने सही केली. बुटाच्या खोक्याएवढं पार्सल, चारी बाजूंनी तपकिरी पट्टी, वर फक्त 'तिसरा मजला'. तो गेल्यावर तिने पदर सावरावा तसा घरातला जुना स्वेटर सावरला आणि वर गेली. दार ठोकायला हात उचलला, तोच आतून आवाज आला, अगदी दाराला तोंड लावून बोलावं तितका जवळून.

"उम्म नबील का?"

नबीलची आई. गल्लीत तिला सगळे तशीच हाक मारायचे.

"हो, मीच. तुमचं पार्सल आलंय."

"ठेवा तिथेच. मी अशीच आहे घरात, दार नाही उघडत."

आवाज घोगरा होता, नुकत्याच उठलेल्या माणसाचा असतो तसा. मधेच ती बाई खोकली.

"बरं. काही लागलं सवरलं तर हाक मारा हं," नुहाद म्हणाली.

"मारली तर याल?"

"न यायला काय झालं? मला दुसरा उद्योग काय आहे!"

ती हसत खाली आली. दार लावताना तिच्या मनात आलं, हिला माझं नाव कुणी सांगितलं? मग तिनेच स्वतःची समजूत घातली. अबू फव्जीने सांगितलं असणार. त्या माणसाचं तोंड त्याच्या भट्टीसारखंच, दिवसभर चालू.

संध्याकाळी ती गच्चीवर गेली तेव्हा वाटेत पार्सल दाराबाहेर नव्हतं.

३

मग ती सवयच झाली. दर दोन-तीन आठवड्यांनी पार्सल यायचं, नुहाद सही करायची, वर नेऊन ठेवायची. आणि पार्सल नसलं तरी अकरा वाजता कॉफीचा कप घेऊन ती तिसऱ्या मजल्याच्या शेवटच्या पायरीवर जाऊन बसायची. आधी उगाच गुडघे दुखतात म्हणून टेकायची. पुढे सबब लागेनाशी झाली.

ती बाई दार उघडायची नाही, पण ऐकायची. असं ऐकणारं माणूस नुहादला कित्येक वर्षांत मिळालं नव्हतं. नवऱ्याचं आजारपण, नबीलची कॅनडातली बायको, तिला अरबी शिकायचा कंटाळा, औषधाच्या दुकानातली गिऱ्हाइकं, सगळं सगळं तिने त्या बंद दाराला सांगून टाकलं.

"मग तुम्ही काय केलंत?" आतून आवाज यायचा. नेमका जिथे यायला हवा तिथे.

"काय करणार? गप्प बसले."

"फार गप्प बसता तुम्ही, उम्म नबील."

एकदा तिने मसूर-भात केला, वर कुरकुरीत कांदा घातला, आणि निळ्या काठाची ताटली दाराशी ठेवून आली. दुसऱ्या दिवशी ताटली तिथे नव्हती. परतही आली नाही. पुढच्या आठवड्यात भरलेल्या दुधीची दुसरी ताटली नेली, मग तिसरी. "ताटल्या राहू देत तुमच्याकडे," ती म्हणाली, "माझ्याकडे जेवायला कोण येणार आहे?"

"मी येईन," आतून उत्तर आलं.

"या की! कधी येता?"

आत ती बाई खोकली. मग म्हणाली, "तुम्ही घरी नसाल तेव्हा."

नुहादला हसू आलं. बोलणं थोडं विचित्र होतं, पण एकटं राहिलं की माणसाची जीभ अशीच वाकडी होते, हे तिला स्वतःवरूनच ठाऊक होतं. फक्त खाली आल्यावर, का कोण जाणे, तिने दाराची कडी लावली आणि पुन्हा जाऊन लावली आहे ना ते बघितलं.

वरच्या बाल्कनीत कधी कपडे वाळत नव्हते. फोडणीचा वास येत नव्हता. हे तिच्या लक्षात येत नव्हतं असं नाही. ती त्याचा विचार करत नव्हती, इतकंच.

४

जूनमध्ये, सकाळी दहाच्या सुमाराला, पाच पोलीस आले. पुढे एक चाळिशीचा कॅप्टन, हातात कागद.

"ही सही तुमची?"

"माझीच."

"आणि ही? ही? पाचही तुमच्याच?"

"हो. वरच्या बाईंची पार्सलं."

"वर कोण राहतं?"

"एक बाई."

"नाव?"

तीन महिने झाले होते. घरातली एकूण एक गोष्ट तिने त्या बाईला सांगितली होती, आणि तिचं नाव विचारायचं एकदाही सुचलं नव्हतं.

"दिसायला कशी आहे?"

"दार उघडत नाही ती."

कॅप्टनने मागच्या शिपायाकडे बघितलं. "दार फोडा."

"नका हो फोडू, किल्ली आहे माझ्याकडे," नुहाद घाईने म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो.

"किल्ली तुमच्याकडे," कॅप्टन सावकाश म्हणाला. "वा."

दार उघडलं तसा कपाटातून यावा तसा कोंदट, गरम वास आला. खिडक्यांच्या झडपा बंद होत्या. सामानावर सोनियाने घातलेल्या पांढऱ्या चादरी जशाच्या तशा होत्या. विजेरीच्या उजेडात बोळ दिसला. एका भिंतीला लागून पाच पार्सलं ओळीने ठेवली होती, पट्टीसुद्धा न उचकटलेली. समोरच्या भिंतीला निळ्या काठाच्या ताटल्या, त्याही ओळीने. पहिल्या ताटलीतला भात वाळून खडे झाला होता. शेवटच्या ताटलीतलं दही परवाचं होतं. कशालाच कुणी हात लावला नव्हता.

शिपायाने एक पार्सल फाडलं. लहान, फिकट पिवळ्या गोळ्या फरशीवर सांडल्या आणि घरंगळत गेल्या.

कॅप्टन मात्र खाली बघत होता. सात वर्षांची धूळ साचलेल्या त्या फरशीवर अनवाणी पावलं उमटली होती, शेकड्यांनी, एकावर एक. सगळ्यांचे अंगठे दाराकडे. एकही पाऊल उलट्या दिशेचं नव्हतं.

तो भिंतीकडेने आतल्या खोलीपर्यंत गेला. तिथे उंबऱ्यावर उभा राहिला, विजेरी इकडून तिकडे फिरवली, मग एकाच जागी धरली. झपाझप परत आला. नुहादला म्हणाला, "बाई, चप्पल काढा."

तिने काढली. त्याने दाखवलेल्या ठशावर पाय ठेवला. टाचेपासून करंगळीपर्यंत बरोबर बसला.

"तुमचंच माप," कॅप्टन म्हणाला. त्याच्या आवाजात आरोप कमी आणि हायसं वाटल्याची भावना जास्त होती.

५

चौकशीच्या खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीला एक पंखा होता. पंखा फिरताना दर वेळी एकाच जागी अडकून टक् वाजायचा.

"तीस वर्षं औषधांच्या दुकानात काढलीत," चौकशी करणारा म्हणाला. "नशेच्या गोळ्यांचं खोकं हातात घेतलं की आत गोळ्या आहेत हे तुम्हाला कळत नाही? हलवलं की वाजतात त्या."

"मी हलवलं नाही."

"का?"

"दुसऱ्याचं होतं."

तो हसला. मग त्याने अबू फव्जीचा जबाब वाचून दाखवला. अबू फव्जीने चांगलंच सांगितलं होतं, म्हणजे त्याला चांगलं वाटलं असावं. उम्म नबील देवमाणूस आहे, कुणाच्या अध्यातमध्यात नाही. हो, रोज दुपारी जिन्यात बोलताना ऐकू यायची. नाही, दुसरं कुणी येताना-जाताना दिसलं नाही. दोन बायका बोलताहेत असं वाटायचं खरं.

"आणि मग," चौकशी करणाऱ्याने ओळीवर बोट ठेवलं, "तो म्हणतो, 'पण साहेब, दोन्ही आवाज तिचेच होते.'"

पंखा टक् वाजला.

त्या क्षणापासून नुहाद तो आवाज आठवायचा प्रयत्न करू लागली. घोगरा होता. कसा घोगरा? वाक्यं सगळी आठवत होती, शब्दन्‌शब्द. पण मनात ती वाक्यं म्हणायला गेलं की तिच्याच आवाजात उमटायची. मीच नेली का पार्सलं आत? किल्ली खणातून काढली, दार उघडलं, ओळीने मांडली, आणि विसरले? औषधाच्या दुकानात असे म्हातारे यायचे. सकाळची गोळी घेतलेली विसरून पुन्हा मागायचे, आणि ती किती मऊपणाने त्यांना सांगायची, "आजोबा, झाली घेऊन."

मला कोण सांगणार?

६

बायकांच्या तुरुंगात एका खोलीत बावीस जणी होत्या. नुहादची गादी वर्दे नावाच्या बेका खोऱ्यातल्या एका आडव्या हाडाच्या बाईशेजारी होती. ती दिराच्या पोत्यांपायी आत आली होती.

"मला विचारलं, पोत्यात काय आहे," वर्दे सांगायची. "म्हटलं, दिराला विचारा. म्हणाले, दीर पळाला. म्हटलं, मग पोत्याला विचारा! त्यावर सहा महिने वाढले. तुझं काय?"

"पार्सलं. शेजारणीची."

"आणि शेजारीण?"

"सापडत नाही."

"अगं, त्या कधीच सापडत नसतात!" वर्दे मांडीवर थाप मारून हसली.

नुहादला तिथे घरापेक्षा जास्त एकटं वाटायचं. बावीस जणींच्या गलक्यात कुणीच "मग तुम्ही काय केलंत?" असं विचारत नव्हतं. नबीलने माँट्रियलहून वकील दिली होती. फोनवर तो रडला, आणि मग म्हणाला, "आई, तू खरंच कुणाशी तरी बोलत होतीस ना?" प्रश्न त्याने ज्या सुरात विचारला, त्यातच त्याचं उत्तर होतं.

ऑगस्टमधल्या एका दुपारी, सगळ्या आडव्या झाल्या असताना, वर्देने तिला कोपराने ढोसलं.

"ए, तुझ्या मैत्रिणीला सांग, खोकायचं तर तोंड फिरवून खोक. माझ्या मानेवर येतं सगळं."

"कुठली मैत्रीण?"

"तीच. दुपारची तुझ्या पाठीला पाठ लावून बसते ती." वर्देचे डोळे मिटलेलेच होते. "नवी आहे का? नीट तोंड नाही बघितलं मी."

नुहाद हलली नाही. पाठीमागे भिंत होती, आणि तिला चांगलं आठवत होतं की मघाशी आपण भिंतीला टेकलो तेव्हा ती थंड लागली होती. आता थंड लागत नव्हती.

चार वाजता हजेरी झाली. बावीसच होत्या.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. पण त्या दिवशी तिला दोन महिन्यांत पहिल्यांदा नीट जेवण गेलं.

७

वकील तरुण होती, अबीर नाव. तोंडाने फटकळ, मनाने चांगली.

"मावशी, चांगली बातमी. मोटरसायकलवाला सापडला आणि घडाघडा बोलला. त्याला सांगितलं होतं, तिसरा मजला रिकामा आहे, खालची म्हातारी सही करेल, आमचा माणूस येऊन दारातून उचलेल. तुमचं नावसुद्धा त्याला माहीत नाही."

"मग तो माणूस आला का नाही?"

"पहिल्याच आठवड्यात रस्त्यावर गाडीखाली मेला, आणि माल धाडणाऱ्यांना ते कळलंच नाही. कुणी येणारच नव्हतं." अबीरने फाइल मिटली. "आता एकच गाठ उरलीय. सामान आत कसं गेलं? किल्ली एकच, तुमची. मावशी, न्यायाधीशांसमोर ती बाई नको."

"पण ती होती."

"असेल. पण ती होती म्हटलंत, तर एक तर तुम्ही तिला लपवताय, नाही तर तुम्हाला वेड्यांच्या इस्पितळात पाठवतील. मी उचलून आत ठेवलं, मालकिणीचं सामान समजून ठेवलं, एवढंच म्हणा. यात गुन्हा नाही. घरी जाल."

न्यायाधीश म्हातारे होते, आवाज दमलेला. नुहादने शिकवल्याप्रमाणे सांगितलं. पार्सलं मीच आत नेली.

"आणि ताटल्या?"

"त्याही मीच."

"रिकाम्या घरात? कुणासाठी?"

ती अबीरकडे बघत राहिली. अबीरने डोळ्यांनी विनवलं.

"कुणासाठीच नाही," नुहाद म्हणाली. "तिथे कुणी नव्हतं. कधीच कुणी नव्हतं. मी एकटी असते, साहेब."

न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि कारकुनाला हळूच काहीतरी लिहायला सांगितलं. खोलीतल्या सगळ्यांनी तिच्याकडे दयेने पाहिलं. तुरुंगातल्या पहिल्या दिवसापेक्षाही तिला ते असह्य झालं. सही करताना मागच्या रिकाम्या बाकावरून कुणीतरी उठल्यासारखी लाकडाची करकर झाली. तिने वळून पाहिलं नाही.

त्यानंतर तुरुंगात तिच्या मागची भिंत थंडच राहिली.

८

नोव्हेंबरात ती निर्दोष सुटून घरी आली. अबू फव्जी दुकानाबाहेर येऊन मान खाली घालून उभा राहिला, मग ताज्या कॉफीची पिशवी तिच्या हातात कोंबली.

"उम्म नबील, मी जे ऐकलं ते सांगितलं. देवाशपथ, वाईट हेतू नव्हता."

"ठाऊक आहे मला."

"आता मुलाकडे जा. इथे काय ठेवलंय?"

तिकीट आलंच होतं, पुढच्या गुरुवारचं. "दोन बॅगा भर आणि ये," नबील म्हणाला होता. तिने बॅगा काढल्या. अकरा वाजले, जनरेटर थांबला, इमारत शांत झाली. वरून काहीही आवाज आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. पूर्वीची शांतता तिला सवयीची होती. ही वेगळी होती, आपल्यावर रागावून गप्प बसलेल्या माणसाची.

बुधवारी तिला राहवलं नाही. स्वतःचं दार उघडंच ठेवून ती वर गेली. सोनियाच्या दारावर कोर्टाची लाखेची मोहर होती. ती पायरीवर बसली.

"मी तसं लिहून दिलं," ती दाराला म्हणाली. "मला घरी यायचं होतं हो. बाकी काही नाही."

तिने लाखेच्या मोहरेवरून बोट फिरवलं.

"उद्या मी जातेय."

खाली कुठलंतरी दार लागलं. आपटलं नव्हतं. घरातल्या माणसाने लावावं तसं, बेताने, कडीसकट.

वारा नव्हता. नुहाद कठडा धरून खाली उतरली. तिचंच दार लागलं होतं, किल्ली आत होती. काही वेळ ती आपल्या दारावरची आपल्या नवऱ्याच्या नावाची पाटी बघत उभी राहिली. तळातून अबू फव्जी हाताने कॉफी दळत होता, ते ऐकू येत होतं. हाक मारली असती तर तो दोन मिनिटांत वर आला असता. जिना चढून, धापा टाकत, खांद्याने दार उघडलं असतं, आणि आत कुणी नसतं. मग त्यानेही तिच्याकडे तसंच पाहिलं असतं.

तिने हात उचलला आणि स्वतःचंच दार ठोकलं.

आत पावलं वाजली. तिच्या झोपायच्या खोलीतून निघाली, बोळातून आली, दारापाशी थांबली. कुणीतरी खोकलं. मग कडी निघाली आणि दार वीतभर उघडलं.

आत अंधारच होता. तिला फक्त एक पाऊल दिसलं, घोट्यापर्यंत धुळीने करडं झालेलं. ते पाऊल जरा मागे सरकलं, पाहुण्याला वाट द्यावी तसं.

नुहादने दारात चपला काढल्या. दुसऱ्याच्या घरी जाताना काढतात, तशा.